बेटामागच्या रेघा

रेवणप्पा खोटारडे नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांच्याबद्दल भलतंच काहीतरी मनात धराल, आणि मग मला राग येईल.

सोलापुरात नव्या पेठेत रामहरी शेठचा फोटो स्टुडिओ होता. तिथं रस्त्याकडच्या खिडकीशी एक उतरतं लाकडी मेज असायचं. मेजाच्या मधोमध दुधी काच आणि तिच्याखाली आरसा. आरशातून उजेड वर आला की काचेवरची निगेटिव्ह उजळायची. त्या मेजाशी रेवणप्पा सत्तावीस वर्षं बसले. एका डोळ्याला भिंग, हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल, आणि शेजारी दाढीचं पातं घासून केलेला चिमुकला चाकू. निगेटिव्हवर पेन्सिल लागली की फोटोत तेवढी जागा उजळ येते, आणि चाकूनं खरवडलं की काळी. एवढ्या दोन हत्यारांवर या माणसानं निम्मं सोलापूर देखणं करून सोडलं होतं. देवीचे व्रण, कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांखालचे खड्डे, सगळं त्यांच्या हातून जायचं. अक्कलकोटापासून करमाळ्यापर्यंतचे बाप लग्नाच्या पोरींना घेऊन यायचे आणि शेठला म्हणायचे, "अप्पांच्याच हातनं करून द्या बरं का."

फोटो पाहून पाहुणे खूश व्हायचे. पुढं प्रत्यक्ष पोरगी पाहिल्यावर काय व्हायचं, ते रेवणप्पांच्या कानावर येत नसे. येऊ देत नसत म्हणा हवं तर. घरी नागम्मा कधी तरी म्हणायची, "तुमी पुसून देताव, पन ते व्रण त्या पोरीच्या तोंडावर ऱ्हातेतच की." यावर ते जेवणाचं ताट पुढं ओढायचे.

स्टुडिओचा एक शिरस्ता होता. रेवणप्पांच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही निगेटिव्ह डार्करूममध्ये जायची नाही. गिऱ्हाइकानं सांगितलं असो वा नसो. शेठना त्याचा लई अभिमान. आणि खरं सांगायचं तर सगळा घोळ त्या शिरस्त्यानंच केला.

एकोणीसशे सत्त्याहत्तरचा जानेवारी होता. महिपती सर धापा टाकत स्टुडिओत आले. हे कॉलेजात भूगोल शिकवायचे. करकंबच्या शेतकरी घरातले, वय अठ्ठावीस, नोकरी तात्पुरती. दर जूनला नेमणुकीचं नवं पत्र येईतो त्यांच्या जिवात जीव नसायचा. त्यांनी खिशातून एक पाकीट काढलं, त्यातली पंज्याएवढी निगेटिव्ह शेठच्या हातात दिली, "समुद्राचा फोटो आहे, मोठी प्रिंट काढा, पुण्याला न्यायचीय," एवढं म्हणाले आणि तासाची वेळ झाली म्हणून सायकलवर टांग टाकून पळाले. शेठनी निगेटिव्ह रेवणप्पांच्या मेजावर ठेवली. दुसरीकडे ठेवायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

रेवणप्पांनी भिंग लावलं. माणूस नाही, बाई नाही, देव नाही. नुसता सपाट पसारा. सरांनी जाता जाता समुद्र म्हटलं होतं, तेव्हा समुद्र असेल. मधे एक वेडंवाकडं बेट. आणि बेटाच्या एका अंगाला, एकामागं एक, बारीक बारीक काळ्या रेघा.

"यप्पा! काय हाल केल्यात फिल्मचे!" रेवणप्पा चुकचुकले.

त्यांना वाटलं, कुणा अडाण्यानं धुवायच्या आधीच फिल्म खडबडीत फळीवरून ओढली. अशा रेघा त्यांनी हजार वेळा पाहिल्या होत्या. बिचारे सर पुण्याला चाललेत, मोठमोठ्या लोकांपुढं असला ओरखडलेला समुद्र कसा दाखवणार? त्यांनी चाकू उचलला. सकाळी दहाला बसले ते दुपारी तीनला उठले. जेवायचा डबासुद्धा उघडला नाही. एकेक रेघ हलक्या हातानं, खालचा थर न दुखवता, खरवडून काढली. शेवटी समुद्र घासलेल्या परातीसारखा लख्ख झाला. शेठनी प्रिंट पाहिली आणि म्हणाले, "अप्पा, तुमच्यापुढं हात टेकले बुवा."

संध्याकाळी महिपती सर आले. प्रिंट हातात घेतली, उजेडात धरली.

"लाटा कुठं गेल्या?"

"कसल्या लाटा, सर?" रेवणप्पांनी हसतच विचारलं. "रेघा व्हत्या ओरखड्याच्या. काढल्या मी."

सर बाकावर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. तो माणूस ओरडला नाही. तो हळू आवाजात, वर्गात सांगावं तसं सांगायला लागला. अरबी समुद्रातलं सोकोत्रा बेट हे. डोंगराचं. वारा समुद्रावरून सरळ येतो आणि डोंगराला अडतो. करकंबला पाटाच्या पाण्यात दगड असला की त्याच्या मागं पाणी कसं वर-खाली, वर-खाली होत जातं? तशीच हवाही डोंगर ओलांडून पुढं कोसभर, दहा कोस, पन्नास कोस वर-खाली होत, लाटांनी जाते. वर जाते तिथं ढगाची पट्टी धरते, खाली येते तिथं मोकळं राहतं. त्या पट्ट्या म्हणजे त्या रेघा; निगेटिव्हवर पांढरं ते काळं दिसतं. खालच्या माणसाला त्या दिसायच्या नाहीत, नऊशे मैलांवरून फिरणाऱ्या उपग्रहाला दिसल्या. दोन रेघांमधलं अंतर मोजलं की तिथं वर वारा कसा वाहत होता ते गणितानं काढता येतं.

रेवणप्पांनी घाईनं निगेटिव्ह परत काचेवर ठेवली. "दुसरी फिल्म असंल की."

"नाही. माझा मित्र आहे मुंबईला, उपग्रहाची चित्रं उतरतात तिथं. जुनी रिळं निकालात काढताना त्यानं एवढा तुकडा माझ्यासाठी कापून घेतला. बाकीचं गेलं."

"मोजून ठिवलं आसंल तुमी."

"मोठ्या प्रिंटवर मोजणार होतो," सर म्हणाले.

त्या दिवशी रेवणप्पा घरी चालत गेले तेव्हा सिद्धेश्वराच्या तळ्याशी थांबले आणि थांबलेलेच राहिले. हात जोडायचंही सुचलं नाही. इतक्या वर्षांत हातून एक फिल्म वाया गेली नव्हती. आणि आज एका पोराचं नशीब खरवडून काढलं, तेही उपकार करतोय असं समजून. त्यांना स्वतःची इतकी चीड आली की घरी आल्यावर नागम्मावर उगाच खेकसले.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओ उघडायच्या आत सर पायरीवर बसलेले. डोळे सुजलेले.

"अप्पा, त्या रेघा परत काढता येतील?"

रेवणप्पांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात झाडले. "काय बोलताव सर! चेहऱ्यावरचं पुसणं येगळं. ह्या रेघा वाऱ्यानं काडलेल्या. म्या कोन काडनार?"

"तुम्ही पाच तास एकेक रेघ भिंगाखाली धरली होती. जगात दुसऱ्या कुणी ती एवढी पाहिलेली नाही. तुमच्या हाताला ती आठवत असणार." सर उठून जवळ आले. "पुढच्या महिन्यात पुण्याला परिषद आहे. तिथं निबंध वाचला तर विभागप्रमुख माझं नाव कायमच्या जागेसाठी पाठवणार आहेत. नाही वाचला तर जूनला माझ्या खुर्चीवर दुसरा बसेल. माझ्या घरचे सगळे या एका नोकरीकडं डोळे लावून बसलेत, अप्पा. मी काही खोटं करा म्हणत नाही. जे होतं तेच परत ठेवा म्हणतोय."

आता सांगा, यावर काय बोलणार? चूक कुणाची? रेवणप्पांची. भोगणार कोण? तो पोरगा. आणि आणखी एक गोष्ट, जी रेवणप्पांनी कुणाजवळ कबूल केली नसती: हाताला खरोखरच आठवत होतं. कुठली रेघ कुठं जाड होती, कुठली मधेच तुटली होती, कुठल्या रेघेला बेटाकडं किंचित बाक होता, सगळं बोटांत बसलं होतं.

त्यांनी "बरं" म्हटलं.

तीन दिवस सकाळच्या उजेडात ते पेन्सिल चालवत राहिले. तेरा रेघा उतरल्या. तेरा त्यांना आठवत होत्या, छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. मग त्यांनी मान मागं घेऊन पाहिलं. बेटापासून लांबची बाजू बोडकी दिसत होती. तिथं आणखी होत्या का? असाव्यात. त्या बाजूनंच खरवडायला सुरुवात केली होती, तेव्हा हात बसला नव्हता, लक्षही नव्हतं. तेराव्या रेघेवर एकदम तुटल्यासारखं सोडून देणं त्यांच्यातल्या कारागिराला सोसेना. त्यांनी आणखी दोन रेघा ओढल्या. फिल्मची कड जवळ आली होती, जागा पुरेना, म्हणून जरा जवळ जवळ ओढल्या. झालं.

पुण्याहून सर परतले ते पेढ्यांचा पुडा घेऊनच. भर दुकानात रेवणप्पांच्या पाया पडले. निबंध गाजला होता. प्रिंट हातोहात फिरली होती. "आणि अप्पा, शेवटच्या दोन रेघांनी तर कमाल केली! एक वयस्क शास्त्रज्ञ उभे राहिले आणि म्हणाले, इथं रेघा एकदम जवळ आल्यात, म्हणजे इथं वाऱ्यात काहीतरी निराळं घडतंय, यावर पुढं काम झालं पाहिजे. आमचे प्रमुख तिथंच होते. माझं काम झालंच समजा!"

रेवणप्पांनी पेढा परत पुड्यात ठेवला. त्यांनी सरांना खिडकीशी ओढलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सर, त्या दोन न्हवत्या. म्हंजी मला म्हाईत न्हाय. त्या माज्या मनाच्या. जागा कमी पडली म्हनून जवळ काढल्या."

महिपती सरांनी मागं वळून दुकानात कोण कोण आहे ते पाहिलं.

"हे कुणाला बोललात?"

"कुनालाबी न्हाय."

"बोलू नका." मग एकदम हात जोडून, "अप्पा, तुम्हाला सिद्धरामेश्वराची शपथ. कुणालाही नाही. मी वाहून जाईन."

आणि रेवणप्पांनी शब्द दिला. कुणी म्हणेल, द्यायला नको होता. म्हणणाऱ्याचं काय जातं? समोर हात जोडलेला माणूस उभा होता आणि त्याला या खड्ड्यात त्यांनीच ढकललं होतं.

जूनमध्ये महिपती सर कायम झाले. दिवाळीत त्यांचं लग्न झालं, पत्रिका स्टुडिओत आली, रेवणप्पा गेले नाहीत. निगेटिव्ह स्टुडिओतच होती. कॉलेजातून, पुण्याहून, कुठून कुठून प्रती मागायची पत्रं यायची, शेठ प्रिंट काढून पाठवायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती फुगवून सांगायचे, आमच्या स्टुडिओचा फोटो आहे तो. दर प्रतीला रेवणप्पा मेजावरून उठून बाहेर जायचे. अन्न गोड लागेना. नागम्मा विचारून विचारून थकली. "काय झालंय ते सांगा तरी. मला न्हाय तर देवाला सांगा." देवाच्या नावानंच तोंड बांधलेलं, देवाला काय सांगणार!

कामावरही परिणाम झाला. भिंगाखाली चेहरा आला की हात अडायचा. एखाद्या म्हातारीच्या सुरकुत्या दिसल्या की वाटायचं, ह्या कशानं आल्या असतील, आपण कोण पुसणारे? अर्धवट सोडून द्यायचे. गिऱ्हाइकं कुरकुरली. शेठ म्हणाले, "अप्पा, डोळे तपासून घ्या एकदा." त्यांनी घेतले. डोळे ठणठणीत निघाले.

असं वर्ष गेलं. अठ्ठ्याहत्तरच्या मार्चमध्ये, टळटळीत दुपारी, एक मुलगी स्टुडिओत आली. अंगावर साधं पातळ, खांद्याला कापडी पिशवी, हातात गुंडाळलेली प्रिंट. शेठ जेवायला गेले होते. तिनं प्रिंट मेजावर पसरली. रेवणप्पांनी ती लांबूनच ओळखली.

"मामा, ह्याच्यापरीस मोठी काढून मिळंल का? लई मोठी. मला ह्या शेवटच्या दोन रेघा नीट मोजायच्यात."

"तू कोन, पोरी?"

ती करमाळ्याकडच्या केम गावची. मायाक्का नाव. एम. ए. करत होती, महिपती सरांच्याच हाताखाली. विभागप्रमुखांनी तिला प्रबंधाला विषय दिला होता तो हाच: शेवटच्या दोन रेघा जवळ का आल्या? तिनं पिशवीतून वही काढली. पानंच्या पानं आकड्यांनी भरलेली, खोडलेली, परत लिहिलेली.

"पहिल्या तेरा रेघांचं गणित सरळ येतंय बघा. वारा सगळीकडं सारखा. पन ह्या दोन घेतल्या की वारा एकदम निम्मा हुतो. दोन रेघांच्या अंतरात वारा निम्मा कसा हुईल, मामा? तितं ना डोंगर, ना काय. पाच म्हैने झाले मला. काय केलं तरी बसत न्हाय."

"सर काय म्हनतात?" रेवणप्पांनी विचारलं.

"सर म्हनतात, तुजंच कुटंतरी चुकतंय, परत कर. मी परत करते. परत तेच येतं. परवा म्हनले, तुजं गणित कच्चं हाय, दुसरं काय तरी बघ." तिनं मान खाली घातली. "खरंच कच्चं असंल. आमच्या घरात शिकलेलं कुनी न्हाय. मी चौथीपास्नं पहिली यायचे, मला वाटायचं मला येतं. दादा म्हनले हुते, ह्या साली झालं तर झालं, न्हायतर घरला ये. ही प्रिंट मिळाली तर आजच्या दिवस शेवटचं मोजते. न्हाय जमलं तर संध्याकाळच्या पॅसेंजरनं जाते केमला. परत काय यायची न्हाय."

रडत नव्हती ती. ठरवून टाकल्यासारखं बोलत होती, आणि तेच ऐकवत नव्हतं. रेवणप्पा तिच्या वहीकडं पाहत राहिले. पाच महिने! त्यांनी जागा पुरेना म्हणून जवळ ओढलेल्या दोन रेघा, पेन्सिलीचे चार फटकारे, आणि त्यांच्यापायी या पोरीनं पाच महिने स्वतःला मूर्ख ठरवलं होतं. सरांना ठाऊक होतं. रोज तिची वही तपासत होते आणि ठाऊक होतं. संताप आला रेवणप्पांना, पण तो धड सरांवरही काढता येईना. सरांचं लग्न, सरांची नोकरी, करकंबचं घर, आणि आपला शब्द. सगळं एका पारड्यात. दुसऱ्यात ही एकटी, पिशवी घेऊन उभी.

"बस," ते म्हणाले.

त्यांनी कपाटातून ती निगेटिव्ह काढली. दुधी काचेवर ठेवली. मग टर्पेंटाइनची बाटली घेतली, कापसाचा बोळा भिजवला. पेन्सिलीचं काम टर्पेंटाइननं पुसलं जातं, फिल्मवरचं खरं चित्र जागचं हलत नाही. हे त्या मुलीला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिनं नुसता बोळा निगेटिव्हकडं जाताना पाहिला.

"मामा! अहो, काय करताय!" ती धावून आली आणि तिनं त्यांचं मनगट धरलं. "एकच हाय ती!"

"हात सोड, माय. बघ तू नुसतं."

बोळा फिरला. शेवटच्या दोन रेघा गेल्या. काचेवर मोकळा समुद्र उरला. मायाक्का वाकून पाहत राहिली. रेवणप्पा थांबले नाहीत. तेरावी रेघ पुसली, बारावी पुसली, बाक असलेली, तुटलेली, एकेक करत बेटापर्यंत आले. कापूस काळाभोर झाला होता.

"ह्या माज्या," ते म्हणाले. "ह्याबी माज्या. खऱ्या व्हत्या त्या म्या चाकूनं खरवडल्या, चुकून. मग आठवून पेन्सिलीनं भरल्या. तेरा आठवल्या. शेवटच्या दोन आठवल्या न्हाईत, त्या मनानं काढल्या. वाऱ्याची त्यात एकबी न्हाय."

ती एक पाऊल मागं सरली. वही तिनं छातीशी धरली होती.

"तुजं गणित बरूबर हाय, पोरी. पयल्या दिवसापास्नं बरूबर हाय. वाऱ्यानं जे केलंच न्हाय, ते गणितात बसंल कुटनं?"

मायाक्का गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली, आणि मग मात्र तिला रडू आलं. पदर तोंडाला लावून रडली. रेवणप्पांनी तिला रडू दिलं. बाहेर शेठच्या चपलांचा आवाज आला, ते दारातून आत आले, काचेवरची निगेटिव्ह पाहिली आणि जागच्या जागी थिजले. "अप्पा, हे काय करून बसलात!" कुणी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. वर पाहिलं.

"मामा, सरांना हे म्हाईत हुतं?"

रेवणप्पांनी डोळ्याचं भिंग काढून मेजावर ठेवलं.

"व्हय," ते म्हणाले.